कडेच्या बाहेर दोन बोटं

पारख मेडिकलच्या काउंटरवर
मी आधी डोकेदुखीची गोळी मागितली, मग कापूस,
मग मागची बाई निघून गेल्यावर
आवाज खिशात घालून विचारलं:
ते... खाजेचं काही आहे का?
मित्रासाठी.

पोऱ्यानं कुठे, किती दिवस, काही न विचारता
एक ट्यूब सरकवली. पंचाण्णव रुपये.
पवननगरच्या बाजारात वांग्यांवरून भांडणारा मी
निमूट पैसे देऊन उतरलो.

चार दिवसांत आग विझली.
अंबडच्या भट्टीसमोर आठ तास
सरळ उभा राहिलो, माणसासारखा.
पंधराव्या दिवशी ती परत आली,
जांघेतून कमरेकडे,
ओल्या कपानं टेबलावर उमटवावं तसं कडं,
कड्याला लागून दुसरं कडं.

फाउंड्रीत सगळ्यांनाच होतं, हे उशिरा कळलं.
जाड पँट, आत घाम, वर बेल्ट.
दुपारी दोनच्या सुमारास गायधनी
साच्यांच्या रांगेआड वाकायचा
पाना शोधायला,
आणि बराच वेळ पाना सापडायचा नाही.
आम्ही पाठ फिरवायचो.
तेवढी सभ्यता होती आमच्यात.

कॉलेज रोडला दीड तास बसलो.
नंबर आला तेव्हा कुठे पाटी नीट वाचली:
डॉ. मुक्ता कोठुळे.
उठून जावंसं वाटलं, पण फी भरून झाली होती.
गळका जॉइंट फिटरनं पाहावा तसं बाईंनी पाहिलं,
मग माझी ट्यूब उजेडात धरली.
"यात स्टेरॉइड आहे.
खाज झोपते, बुरशी जेवते."
दुसरं मलम लिहून दिलं,
आणि कागदाच्या पाठीवर पेनानं एक गोल काढला.
"तुम्ही सगळे मधोमध चोळता.
ती कडेनं वाढते.
कडेच्या बाहेर दोन बोटं लावायचं,
काही दिसत नाही तिथंही.
आणि गेली असं वाटलं, की पुढे दोन आठवडे."
टॉवेल वेगळा. चड्डी उन्हात.
घरात अजून कुणाला?
नाही, म्हणालो.

त्या रात्री बाथरूमची कडी लावून,
अंग कोरडं करून,
बोटावर हरभऱ्याएवढं मलम घेतलं
आणि समोर खिळ्यावर तोच टॉवेल दिसला,
निळ्या काठाचा, घरात एकच, तात्यांचा नि माझा.
तात्यांची लांबत जाणारी आंघोळ आठवली.
महिन्याला संपणारा पावडरचा डबा.
आई काही न बोलता तापवायची ते कडुनिंबाचं पाणी.
दाराआडून यायचा तो खरखर आवाज;
लहानपणी वाटायचं, तात्या भिंत घासतायत.

बोललो नाही.
आम्ही दोघं बोलतो ते
गंगापूर धरणात पाणी किती, एवढ्यापुरतं.
दुसऱ्या दिवशी अजून एक ट्यूब आणली, एक हिरवा टॉवेल,
आणि त्या गोलाची झेरॉक्स
आरशाच्या फळीवर ट्यूबखाली सरकवून ठेवली.

चार दिवस ट्यूब होती तशीच.
पाचव्या दिवशी तिची शेपटी गुंडाळलेली दिसली,
तळापासून, कडक घडी घालत,
जशी तात्या टूथपेस्टची घालतात,
तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात कागद मोजलेल्या बोटांनी.
शेजारी माझी, पोटात दाबलेली.

सोमवारी मोल्डिंगच्या वाळूत बोटानं गोल काढला,
त्याच्या बाहेर दोन बोटं टेकवली.
गायधनी हसला. शिवी दिली.
मग वाकून नीट बघितलं.
या वेळी पाना हातातच होता.

सहावा आठवडा.
गॅलरीत तारेवर हिरवा टॉवेल, तात्या चिमटे लावतायत.
"तुझाही टाक उन्हात," म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
टाकला.
तारेवर जागा थोडी होती, त्यांनी आपला सरकवला.
मग म्हणाले,
"धरणात किती आहे?"
म्हटलं, बासष्ट टक्के.